इराणी फौजेतला पुणेकर

माधवीच्या शेजारी उभा असलेला इराणी सैनिक चक्क मराठीतून पाढे म्हणत होता.

“बे एके बे… बे दुणे चार… बे त्रिक सहा!”

आणि तेही कसे, तर दातओठ खात, मुठी आवळून, समोरच्या एकेका ग्रीकाला एकेक आकडा फेकून मारल्यासारखे! माधवीने आधी ओठ चावले. मग श्वास रोखला. पण ‘बे पंचे दहा’ला त्याने अशी काही डरकाळी फोडली, की तिचं हसू फुटलं ते फुटलंच.

“कट!” काचेपलीकडून भाग्यलक्ष्मीबाईंचा आवाज आला. “क्या माधवी, लड़ाई में हँसते क्या अम्मा?”

कृष्णानगरच्या गल्लीतला तो एक छोटासा डबिंग स्टुडिओ होता. पडद्यावर एका परदेशी सिनेमाचा दुसरा भाग चालू होता. पहिल्या भागात ग्रीक आणि इराणी जमिनीवर लढून दमले होते, म्हणून आता समुद्रात लढत होते. वर लाल-काळं आभाळ, खाली उघड्या छातीचे पुरुष, आणि रक्ताचा थेंबसुद्धा असा निवांत गिरक्या घेत खाली यायचा, की तोवर माणसाने एक घोट चहा पिऊन घ्यावा. हा सगळा संग्राम हिंदीत आणायचं काम हैदराबादला आलं होतं. मोठ्या पात्रांचे आवाज नंतर, आधी गर्दीचे. ओरडणं, कण्हणं, मरणं. माधवी सोमवार ते शनिवार कोठी भागातल्या एका तपासणी केंद्राच्या काउंटरवर बसून रक्त-लघवीचे रिपोर्ट द्यायची आणि रविवारी इथे येऊन मरायची.

गर्दीसाठी भाग्यलक्ष्मीबाईंचा एकच कडक नियम होता. सैनिकांनी काहीही बरळावं, पण हिंदी, तेलुगू, इंग्रजी नको. प्रेक्षकाला कळता कामा नये. म्हणून कुणी कन्नड शिव्या द्यायचं, कुणी नुसतं ‘हुर्रर्र’ करायचं. मराठीतून आजवर कुणी लढलं नव्हतं.

हा सैनिक तसा सैनिक नव्हताच. साउंड रेकॉर्डिस्ट तेजस त्याचा रूममेट. तेजस खोलीची किल्ली खिशात घालून कामावर आला, आणि हा बिचारा किल्ली न्यायला मागोमाग आला. नेमका त्याच दिवशी एक सैनिक गैरहजर. दारात उभं असलेलं हे उंच ध्यान भाग्यलक्ष्मीबाईंनी पाहिलं आणि फर्मान सोडलं, “ए बाबू, खाली कैकू खड़ा है? अंदर जाओ, मरो!”

तो मुकाट आत आला.

“रोलिंग!” तेजस ओरडला.

पडद्यावर जहाजं पुन्हा एकमेकांवर आदळली. त्या धुमाळीत शेजारचा सैनिक हवेत हात उगारून तिच्याकडे वळला आणि भयंकर आवेशात गरजला, “हसू नका हो! मला अजून किल्ली मिळायचीय!”

माधवीनेही काल्पनिक तलवार उपसली. “पोटातून ओरडा! गळ्यातून ओरडाल, तर उद्या आवाज जाईल!”

“तुम्ही मराठी?”

“नाही! इराणी!”

“ओके टेक,” भाग्यलक्ष्मीबाई खूश होऊन म्हणाल्या. “ऐसा जोश होना!”

* * *

बाहेर आले तर रस्ता ओला. त्या बंद खोलीत बाहेरचा टिपूसही ऐकू यायचा नाही; आत समुद्र खवळलेला आणि बाहेर आभाळ केव्हा रिमझिमून गेलं, कुणाला पत्ताच नाही. माधवीने पर्समधून बांगड्या काढल्या आणि एकेक करून हातात चढवू लागली. माइकपुढे बांगडी चालत नाही. किणकिणली तर टेक बाद.

“सारंग,” तो म्हणाला. “पुण्याचा. इथे कंपनीत आहे. आणि आज दुपारपासून मयत.”

“माधवी. सिकंदराबाद, लालागुड्याची.” ती हसली. “मूळचे आम्ही देगलूरचे. पप्पा रेल्वेच्या कारखान्यात होते. पाढे छान येतात तुम्हाला.”

“घाबरलो की तेवढेच आठवतात. चहा घेणार?”

कोपऱ्यावर इराणी हॉटेल होतं. संगमरवरी टेबल, दाट गोड चहा, बशीत उस्मानिया बिस्किटं. माधवी बसल्या बसल्या म्हणाली, “बघा, दुपारपासून ज्यांच्या बाजूने मेलो, शेवटी त्यांचाच चहा पितोय. पैसा वसूल.”

सारंग असा काही हसला, की बिस्किटाचा तुकडा चहात बुडाला तो वर आलाच नाही. मग त्याने तिला हळूच विचारलं, “तुम्हाला आवडतं हे? दर रविवारी मरायला?”

तिने कप खाली ठेवला. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. “मला ना… एकदा तरी बोलायचंय. ओरडायचं नाही, बोलायचं. नाव असलेल्या बाईच्या तोंडून. परसों मी पप्पांबरोबर पहिल्यांदा डब केलेला सिनेमा बघितला आणि विचारलं, ही बाई तिकडची, मग बोलतंय कोण? तेव्हापासून डोक्यात बसलंय.”

“परवा?”

“परसों. चौथीत होते मी.”

सारंगने हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. हैदराबादेत ‘परसों’ म्हणजे काल नसलेला कुठलाही गेलेला दिवस, हे त्या दिवशी पुण्याच्या माणसाला कळलं.

चहाचे पैसे त्याने दिले, तेव्हा माधवी म्हणाली, “थँक यू हं.” गोड, मऊ, स्वच्छ. बोलून गेल्यावर तिचं तिलाच वाटलं, हे आपण काउंटरवर म्हणतो तसंच्या तसं आलं.

* * *

किल्ली मिळाली होती. तरी सारंग पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही. कुणाची म्हैस अन् कुणाला उठबैस! तेजस त्याला कोपरखळ्या मारायचा, “तुझी कुठली किल्ली हरवली रे आता?” सारंग मान खाली घालून हेडफोनची वायर गुंडाळत बसायचा. मग ग्रीक होऊन, इराणी होऊन, वल्हवणारा गुलाम होऊन तो माधवीच्या शेजारी उभा राहायचा आणि तुंबळ रणधुमाळीत तिच्याशी गप्पा मारायचा.

“आज निळा रंग! चांगला दिसतो तुम्हाला!” तो भाला फेकत ओरडायचा.

“समोर बघा! ग्रीक आले!” ती किंचाळायची.

“येऊ देत! मी इकडेच बघणार!”

आणि पलीकडे भाग्यलक्ष्मीबाई मान डोलवायच्या. “क्या फीलिंग है!”

एका रविवारी त्यांनी माधवीला काचेआड बोलावलं. या भागात इराणी आरमाराची एक राणी होती. सगळ्या सिनेमाचा जीव तिच्यात. मुंबईहून ज्यांचा आवाज यायचा होता, त्यांचं जमत नव्हतं. “एक ट्रायल लेती तेरी,” भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या. “मुंबईवाले फोन पे सुनते. एकच चान्स है अम्मा. नक्को बोले तो मेरे हाथ में कुछ नहीं.”

माधवीला आधी ऐकूच आलं नाही. मग तिने पुन्हा विचारून घेतलं. पाच वर्षं ती या काचेच्या त्या बाजूला मरत होती. आणि हे दार उघडलं कुणी, तर ज्यांनी तिला पहिल्यांदा माइकसमोर उभं केलं त्याच बाईंनी. त्यांचे पाय धरावेत असं तिला वाटलं. प्रत्यक्षात ती म्हणाली, “थँक यू मॅडम.”

तालीम सुरू झाली. कधी इराणी हॉटेलात, कधी सिकंदराबाद स्टेशनबाहेरच्या बाकावर. सारंग म्हातारा खलाशी व्हायचा आणि माधवी राणी. हुकूम सोडणं तिला झकास जमे. “जहाज़ मोड़ो!” म्हटलं की बाकावरचे हमाल दचकून बघत. पण एक वाक्य होतं… तिथे घोडं पेंड खायचं. सगळं आरमार बुडालेलं असतं. फक्त राणीचं जहाज त्या म्हाताऱ्या खलाशाने सुकाणू धरून खडकांतून बाहेर काढलेलं असतं. तो मरायला टेकलेला. राणी त्याच्याजवळ गुडघे टेकते आणि म्हणते, “शुक्रिया। यह साँस तुम्हारी दी हुई है।”

“शुक्रिया,” माधवी म्हणायची. गोड, मऊ, स्वच्छ.

भाग्यलक्ष्मीबाईंनी एकदाच ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “ये राणी है या रिसेप्शन?”

ते तिच्या जिव्हारी लागलं, कारण खरं होतं. दिवसभर काउंटरवर ‘थँक यू, नेक्स्ट’ म्हणून म्हणून तो शब्द तिच्या तोंडात पार गुळगुळीत झाला होता.

“कसं म्हणू मग?” ती सारंगला विचारायची. त्याला काय माहीत! तो म्हातारा खलाशी होऊन बाकावर मान टाकून पडायचा, एक डोळा किलकिला करून तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “मी मरतोय. सावकाश विचार करा.”

एका संध्याकाळी तालीम लांबली, म्हणून ती त्याला घरी घेऊन आली. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पप्पांची खुर्ची. पप्पांनी, म्हणजे श्रीपतीरावांनी, चष्म्यावरून पाहुण्याकडे बघितलं आणि रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तशा आवाजात विचारलं, “हा सिनेमाचा नाद कधीपर्यंत चालायचा?” माधवीची मान खाली गेली. सारंग मात्र म्हणाला, “काका, नाद नाही. ती चांगलं करते. मी समोर उभा राहून ऐकलंय.” पप्पांनी खुर्ची जरा त्याच्याकडे सरकवली.

आईने, चतुराबाईने, ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. पुण्याचं पोर भाकरीवर असं तुटून पडलं, की चतुराबाई तव्याकडून ताटाकडे, ताटाकडून तव्याकडे फिरतच राहिली. हात धुवून तो नम्रपणे म्हणाला, “थँक्यू, काकू.”

चतुराबाईचा चेहरा पडला. “काय झालं रे लेकरा? भाकर कच्ची लागली का?”

“नाही, नाही! फार छान होती…”

“मंग थँक्यू कामून? आमच्यात जेवल्यावर थँक्यू नाहीत म्हनत.” तिने ताट उचललं. “परत येतेत.”

जिन्यावर सारंग माधवीला म्हणाला, “मला कळलं, तू मला प्रत्येक वेळी थँक यू म्हणतेस, तेव्हा कुठेतरी का टोचतं ते.”

तो पहिल्यांदाच तिला ‘तू’ म्हणाला होता. खालच्या पायरीवर जाऊन त्याने मागे वळून पाहिलं, आणि ती अजून तिथेच उभी होती.

* * *

ट्रायल सोमवारी दुपारी ठरली. आणि आदल्या दिवशी, रविवारी, भाग्यलक्ष्मीबाईंच्या पुढ्यात वेगळंच संकट आलं. ग्रीकांचं एक नगर जळत होतं, त्यातल्या बायकांचा आकांत रेकॉर्ड करायचा होता, आणि बायाच नव्हत्या. लग्नसराई! कुणी वरंगलला, कुणी करीमनगरला. काम संध्याकाळी पाठवायलाच हवं होतं.

“माधवी…” भाग्यलक्ष्मीबाई थांबल्या. त्यांनाही ठाऊक होतं. दिवसभर किंचाळल्यावर उद्या राणीच्या गळ्यातून काय निघणार? “तू नक्को बोल सकती.”

पण ‘नको’ म्हणायचं कुणाला? ज्यांनी चान्स दिला, त्यांनाच? माधवीने बांगड्या काढल्या. एका बाजूला उपकार, दुसऱ्या बाजूला आयुष्यभर वाट पाहिलेला दिवस. इकडे आड, तिकडे विहीर. ती माइककडे निघाली.

“मी ओरडतो ना.”

सगळे वळले. सारंग दारात उभा होता.

“तू?” भाग्यलक्ष्मीबाई म्हणाल्या. “बाबू, औरतां होना. औरतां.”

सारंगने घसा खाकरला, डोळे मिटले आणि आवाज पार टिपेला नेऊन अशी एक किंकाळी फोडली, की तेजसने हेडफोन काढून फेकला.

“थोडा पिच वर केला,” तेजस हळूच म्हणाला, “तर… चालेल, मॅडम.”

मग काय विचारता! त्या दुपारी ते अख्खं नगर सारंगने एकट्याने जाळून घेतलं. तो नवी नवरी होऊन रडला. आई होऊन टाहो फोडला. बकरी हरवलेली म्हातारी झाला. बकरीही झाला. माधवी काचेआडून हातवारे करून सांगत होती, पोटातून, पोटातून! पण बायकी आवाज पोटातून निघतो कुठे? सगळा भार गळ्यावर. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसता पुसता तिच्या लक्षात आलं, की हे आता हसण्याचं राहिलेलं नाही.

संध्याकाळी तो बाहेर आला. तोंड उघडलं. आत आवाजाच्या जागी नुसती हवा होती.

“थँक यू…” ती म्हणाली. आणि जीभ चावली. एवढ्यासाठी एवढंसंच? त्याने हात हलवून ‘सोड गं’ केलं, उजवा हात पोटावर ठेवून दरबारी मुजरा केला, आणि गेला.

* * *

सोमवारी माधवी अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्टुडिओत पोहोचली. रात्री आईने ज्येष्ठमध चघळायला दिला होता, सकाळी हळदीचं दूध. गळा ठणठणीत होता. तेजस वायरी लावत होता. तिने विचारलं, “सारंग?”

तेजस वर बघेना. “येईल. त्याची आज सकाळी मीटिंग होती ना.”

“कसली?”

“तुला बोलला नाही?” आता त्याने वर पाहिलं. “पुण्याला बदली मागितली होती त्याने, वर्षापूर्वीच. आज मोठ्या साहेबांपुढे बोलायचं होतं. जो छान बोलेल, तो पुण्याला. मघाशी मेसेज आला त्याचा. हा उभा राहिला आणि तोंडातून नुसतं ‘फुस्स’. शेवटी रितेश म्हणून दुसरा आहे, तो बोलला. त्याची बदली झाली.”

माधवी मटकन खुर्चीवर बसली. काल तो मुजरा करून गेला तेव्हा त्याला हे माहीत होतं. पहिली किंकाळी फोडली तेव्हाही माहीत होतं. आणि एका शब्दाने बोलला नाही! आपण त्याला काय दिलं? काउंटरवरचा एक गुळगुळीत शब्द.

दार उघडलं. सारंग आत आला. हैदराबादच्या त्या उकाड्यात गळ्याला मफलर गुंडाळलेला, चेहऱ्यावर हसू. त्याने भुवया उडवून विचारलं : तयार?

ती उठली. बांगड्या काढल्या, आणि आज पर्समध्ये टाकल्या नाहीत. त्याच्या ओंजळीत ठेवल्या. त्याने ओंजळ मिटून घेतली. बांगड्या वाजू नयेत म्हणून तो काचेपलीकडे श्वास रोखल्यासारखा बसून राहिला.

हुकूम झाले. शिव्याशाप झाले. सगळं ओके होत गेलं. मग पडद्यावर समुद्र शांत झाला. म्हाताऱ्या खलाशाचे हात सुकाणूवरून सुटले आणि राणीने गुडघे टेकले.

माधवीला अचानक दिसलं. राणी लगेच बोलत नाही. आधी पाण्याकडे बघते. मग हाताकडे. इतक्या वेळा पाहिलं होतं, पण आज कळलं, तिला तो शब्द म्हणताच येत नाहीये! आपल्या माणसाला म्हणायची सवयच नाही तिला. आई कधी पप्पांना म्हणाली होती? पप्पा कारखान्यातून दमून आले, की ती फक्त पाण्याचा तांब्या पुढे करायची, आणि त्या तांब्यात सगळं असायचं.

माधवीने काचेपलीकडे पाहिलं. मफलरवाल्याकडे. त्याच्या घट्ट मिटलेल्या ओंजळीकडे.

“शुक्रिया…” तो शब्द तिच्या गळ्यात अडखळला, खरखरला, जेमतेम बाहेर आला. “यह साँस… तुम्हारी दी हुई है।”

फोनवरून मुंबईवाल्यांचा आवाज आला, “यही फायनल।” मग भाग्यलक्ष्मीबाईंनी डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या आणि घसा साफ केला.

“अब आई राणी,” त्या म्हणाल्या. “दुसरा टेक नक्को.”

माधवी बाहेर आली ती सरळ त्यांच्याकडे. या वेळी ती थँक यू म्हणाली नाही. वाकून पाया पडली. भाग्यलक्ष्मीबाईंनी तिला वर उठवलं आणि पाठीत एक हलकासा धपाटा घातला.

* * *

स्टुडिओच्या पायऱ्यांवर सारंग तिच्या हातात एकेक बांगडी चढवत होता. अगदी हळू, काचेला धक्का लागू नये म्हणून. की संपू नये म्हणून, कोण जाणे.

“पुण्याचं मला का नाही सांगितलंस?” तिचा आवाज चढला. “माझ्यामुळे तुझं पुणं गेलं!”

त्याने मोबाइलवर टाइप करून दाखवलं : ‘पुणं कुठे जातंय? आहे तिथेच आहे. शनिवार पेठेसकट.’

“थट्टा नको.”

त्याने मोबाइल खिशात ठेवला. तिच्या कानाशी वाकला. आवाज फाटका, जेमतेम ऐकू येईल एवढा. “आवाज असता… तरी काय बोललो असतो, माहीत नाही. महिनाभर ठरवतोय… मीटिंगला जायचं की नाही.” तो थांबला. “तिथे… तू नाहीस.”

गल्लीतून एक रिक्षा गेली. माधवीने राहिलेली शेवटची बांगडी स्वतःच चढवली. मग तिने जे मनात होतं ते सरळ विचारलं. “तुझ्या आईला माहीत आहे? देगलूरच्या बौद्ध घरातली मुलगी आहे मी. ‘बघू, बघू’ म्हणणारं घर मला नकोय, सारंग.”

“आईला… सांगितलंय.”

“कधी?”

“परसों.”

ती दचकली आणि मग तिला हसू आवरेना. त्याने दोन्ही कान धरले. “खरंच. तुझ्या घरी जेवलो… त्याच रात्री. आई म्हणाली, आधी तिला राणी होऊ दे. मग… घेऊन ये.”

यावर काहीतरी बोलायला हवं होतं. ‘थँक यू’ अगदी ओठांवर आलं, आणि माधवीने ते गिळून टाकलं. “घरी चल,” ती म्हणाली. “आईला सांगते हळदीचं दूध करायला. आणि बोलू नकोस आता.”

त्यानंतर तो लालागुड्याला इतक्यांदा येऊ लागला, की चतुराबाई त्याच्या वाटचं पीठ आधीच मळून ठेवायची. पण त्याच्या त्या फाटक्या आवाजातल्या बोलण्याला माधवीने अजून उत्तर दिलं नव्हतं. त्यानेही विचारलं नाही. वाट बघणं त्याला जमत होतं.

* * *

सिनेमा लागला, तेव्हा सिकंदराबादच्या थेटरात पहिल्याच रविवारी चौघं जण एका रांगेत बसले. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

नगर जळू लागलं. आकांत उसळला. त्या सगळ्या कल्लोळात एका बाईचा आवाज असा काही काळीज चिरत गेला, की चतुराबाईने पदर तोंडाला लावला. “कोन गं ती? बेंबीच्या देठापासून रडायली बिचारी!”

माधवीने अंधारात सारंगकडे बोट दाखवलं. चतुराबाईला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा हसू दाबता दाबता शेवटपर्यंत तिचा पदर तोंडावरून हटेना. पुढच्या रांगेतला माणूस दोनदा मागे वळून बघून गेला.

मग समुद्र शांत झाला. राणीने गुडघे टेकले, पाण्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं. शिट्ट्या मारणारी पोरंसुद्धा गप्प झाली. तो अडखळता शब्द मोठ्या पडद्यावरून आला आणि थेटरभर पसरला. पप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुन्हा काढला. मग माधवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. ‘नाद’ हा शब्द त्या घरात पुन्हा कधी निघाला नाही.

बाहेर आले तेव्हा ऊन कलत होतं. आई-पप्पा पुढे रिक्षा ठरवत होते. सारंग माधवीच्या बरोबरीने चालत होता, आवाज आता पुरता परत आलेला, आणि तो सगळा खर्च करायच्या बेतात.

“एक विचारू? नगर मी जाळलं. राणीची बांगडी मी सांभाळली. मरायचं म्हणशील तर कितीदा मेलो, हिशेब नाही. आणि त्या सोमवारपासून आजपर्यंत तू मला एकदाही थँक यू म्हणालेली नाहीस. आधी तर चहाच्या कपालाही म्हणायचीस. विसरलीस की काय?”

“विसरले नाही.”

“मग म्हण की आज तरी.”

माधवी थांबली. तिच्या मनात कृतज्ञता इतकी भरून आली होती, की भाग्यलक्ष्मीबाई, तेजस, त्याच्या खिशातली ती किल्ली, गैरहजर राहिलेला तो कोण कुठला सैनिक, सगळ्यांचेच आभार मानावेत. फक्त या एकाचे नाहीत. तिने त्याचा हात हातात घेतला. बांगड्या खळकन वाजल्या. इथे कुणी कट म्हणणार नव्हतं.

“नाही म्हणणार,” ती म्हणाली. “कधीच नाही.”

“का गं?”

“घरच्या माणसाला कुणी थँक यू म्हणतं का?”

सारंगने बोलायला तोंड उघडलं. पुन्हा उघडलं. रिक्षातून चतुराबाई हाक मारत होती, “चला की रे! भाकरी टाकायच्यात!” आणि पुण्याच्या त्या बोलक्या पोराचा आवाज, या खेपेला जराही न ओरडता, दुसऱ्यांदा गेला.